पावसाने घरात डांबलंय आणि हात शिवशिवतायत सरपणासाठी

माळरान | शनिवार, सकाळी ८:१२

मंडळी, आषाढ तळून झाला, श्रावण लागला, तरी आमची कोंडी फुटेना. राहतो कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. ताम्हिणीच्या अलीकडे वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा आहे. त्यात म्हटलं तर घर, नाहीतर पत्र्याची खोली. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी तिथेच सापडतो आणि करतो काय, तर लाकडं फोडतो. बांधावरची सुबाभूळ, उन्मळलेली बाभूळ, कधी शेजाऱ्याने दिलेला आंब्याचा ओंडका. अंघोळीला बंब आणि बाहेर चुलीवर भाकरी, एवढाच त्या सरपणाचा उपयोग. विकत नाही, कुणाला देत नाही.

जून उजाडला की सगळं ठप्प. पुण्यात वर्षाकाठी सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, ताम्हिणीत एका मोसमात सहा हजारांच्या वर. रस्ता एकतर दरडीने अडलेला असतो, नाहीतर धबधबे बघायला आलेल्यांनी. गेलो तरी लाकूड ओलं, अंगणात घोटाभर चिखल, कुऱ्हाड हातातून निसटेल अशी अवस्था. मग घरात. पेपर दोनदा वाचून होतो. बायको म्हणते, येरझाऱ्या घालून फरशी झिजवू नका. व्यायाम कर, वॉकिंग पॅड घे, जिमला जा, हे सल्ले मुलाने देऊन झालेत. मला चालायचं नाहीये हो. मला काहीतरी फोडायचंय.

त्यात परवाच्या वाऱ्यात सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. अग्निशमनवाले आले, पेट्रोलच्या करवतीने तासाभरात तुकडे केले, रस्ता मोकळा केला आणि बुंध्याचे ओंडके दुचाकी लावतो त्या भिंतीशी ढकलून गेले. आता ते रोज खिडकीतून दिसतात. विचारायचं हे, की गुलमोहराचं लाकूड जाळायच्या लायकीचं असतं का? ओलं फोडून गॅलरीत वाळवता येईल का? आणि असं कोंडल्यासारखं आणखी कुणाला होतं, की मीच एकटा येडा?

---

पेठेतला_आगाऊ | शनिवार, सकाळी ८:३१

पहिल्या दोनांची उत्तरं जाणकार देतील. तिसऱ्याचं उत्तर: एकटे नाही, पण येडे आहात.

लाकडांचा एवढा सोस कशाला काका, शेवटी वैकुंठ स्मशानभूमीत मिळणारच आहेत.

---

माळरान | शनिवार, सकाळी ८:४०

वैकुंठात विद्युतदाहिनी आहे. तिथेही माझ्या नशिबी सरपण नाही.

---

रानवाटा | शनिवार, सकाळी १०:०५

आगाऊपणा बाजूला ठेवून.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. झपाट्याने वाढतो, मुळं उथळ, फांद्या ठिसूळ, म्हणून दर पावसाळ्यात पुण्यात सगळ्यात आधी तोच लोळतो. लाकूड हलकं. जळतं, पण भुरूभुरू. बंबात घातलं तर सारखं घालत बसावं लागेल आणि निखारा धरणार नाही. शिवाय ओलं ठेवलं की बुरशी लगेच आणि वर्षाच्या आत भुंगा लागतो. गॅलरीत तर मुळीच नको, घरातल्या फर्निचरला आमंत्रण कशाला?

बाभळीची गोष्ट वेगळी. जड, घट्ट, निखारा तासन् तास. सुबाभूळ त्याच्या खालोखाल, आणि तोडली की बुडातून पुन्हा फुटते, त्यामुळे सरपणासाठी सोन्याहून पिवळी. आपल्या टेकड्यांवर वनखात्याने लावलेली उंदीरमारी आहे ना, तीही तशीच फुटते आणि जळायला चांगली असते. (टेकडीवर जाऊन तोडू नका, ती वनजमीन आहे.) चिंच म्हणजे परीक्षा. खाटकाचा ठोकळा चिंचेचा करतात तो उगाच नाही. गाठाळ बुंध्यात कुऱ्हाड रुतली की घण आणि पाचरीशिवाय निघत नाही. पांगारा आणि काटेसावर फोडायला मजा येते पण जाळायला शून्य, कागद जाळल्यासारखं होतं. वड, पिंपळ, उंबर यांच्या वाटेला आपल्याकडे कुणी जात नाही, आणि चिकाचं लाकूड धूरही फार करतं.

एक काळजी घ्या. पावसात लाकडाच्या थप्पीत हात घालताना आधी काठीने खडखडवा. विंचू असतो, मण्यार असते, आणि मुळशीच्या बाजूला फुरसंही. फुरसं एवढंसं असतं, पाल्यात दिसतही नाही.

---

बर्फातला_बाबू | शनिवार, दुपारी ४:५०

काका, तुम्ही माझं फेब्रुवारीतलं मन लिहिलंत.

मी मूळचा पुण्याचा, गेली बरीच वर्षं मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाला. इथे कीवेनॉ भागात हिवाळ्याला २०० इंचांच्या वर बर्फ पडतो. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमाराला उगवतो आणि पाचला गेलेला असतो. नोव्हेंबर मजेत जातो, डिसेंबर सणात. जानेवारीच्या मध्यापासून माणूस घरातल्या घरात तिरसट होतो. बशी जोरात ठेवली म्हणून भांडणं होतात. शेजाऱ्याशी बोलायचं तर दोघांच्या मध्ये छातीएवढा ढीग. आणि सगळा वेळ समोर शेगडीत मागच्या वर्षी फोडलेलं लाकूड जळत असतं, ते बघत बसायचं आणि पुढच्या वर्षीचं कधी फोडायला मिळेल याचा हिशोब करायचा. ओंडके बाहेरच असतात, पण बर्फाखाली. कुठले कुठे ते खणल्याशिवाय कळत नाही.

तुमच्याशी उलटं एवढंच, की आमचा मोसम आत्ता सुरू आहे. वसंतात फोडून रचलेलं उन्हाळाभर वाळतं. ओक असेल तर एक उन्हाळा पुरत नाही, दोन लागतात. इथे सरपण मोजायचं माप ‘कॉर्ड’, म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी घट्ट रचलेली थप्पी, १२८ घनफूट. माझ्यासारख्या लाकडावरच घर तापवणाऱ्याला अशा कित्येक थप्प्या लागतात.

मी सध्या फोडतो ते सगळं मेलेलं ॲश. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आशियातून आलेला एक हिरवा भुंगा सापडला, त्याने तेव्हापासून इथली कोट्यवधी ॲशची झाडं संपवली. तो सरपणाबरोबर गावोगाव पसरला, म्हणून इथे लाकूड लांब न्यायचं नाही, जिथलं तिथेच जाळायचं, असं सांगतात. ॲश फोडायला मात्र स्वर्ग. सरळ शीर, एका घावात दोन फाका. आणि कडाक्याच्या थंडीत तर आणखी सोपं, कारण आतलं पाणी गोठलेलं असतं, लाकूड काचेसारखं तडकतं. म्हणून एखाद्या उघड्या दिवशी उणे पंधरात मी फावडं घेऊन ओंडके उकरून काढतो. बायकोला वाटतं डोक्यावर परिणाम झालाय. झालेलाच असतो.

---

चुलीपुढची | शनिवार, संध्याकाळी ७:२२

धागा छान आहे, पण विरजण घालते.

माझं माहेर भोरच्या पुढे. लहानपणी शाळेतून आलं की आईबरोबर फाटी गोळा करायला जायचं, ते ठरलेलंच. मोळी डोक्यावर, चुंबळ घसरतेय, पायात काटा. पावसाळ्यासाठी म्हणून वैशाखातच माळ्यावर चढवून ठेवायचं आणि तरी श्रावणात संपायचंच. मग ओल्या लाकडावर रॉकेल ओतून फुंकणी फुंकायची. आजीचे डोळे कायम लाल. आईला आता दम्याची औषधं आहेत. २०१६ मध्ये उज्ज्वला आली, आमच्या शेजारणीला सिलिंडर मिळाला, तेव्हा तिने चूल अंगणातून उचलून बाहेर टाकली होती. दुसरा सिलिंडर परवडेना तेव्हा परत आत आणली.

तुम्ही पुरुष लोक सुट्टीच्या दिवशी जाऊन चार ओंडके फोडता, घाम पुसता, फोटो काढता. मनाला बरं वाटतं ते खोटं नाही. फक्त त्या लाकडावर स्वयंपाक रोज कुणी केला असता तर हौस किती टिकली असती, एवढाच प्रश्न.

---

माळरान | शनिवार, रात्री ९:०३

ताई, विरजण नाही, खरं बोललात. आमच्याकडेही लाकडं वडील फोडायचे आणि धूर आई खायची. मी करतो ती हौसच आहे, गॅस घरात आहे म्हणून परवडणारी. ते मान्य. पण हौस आहे म्हणून ती पुसून टाकता येत नाही ना. मला घाव घालायला आवडतं. ओंडक्याकडे बघायचं, तडा कुठे गेलाय ते हेरायचं, काठाशी घाव घालायचा, आणि ‘खट्’ऐवजी ‘टाक्’ असा मोकळा आवाज आला की कळतं, फुटलं. तेवढ्या वेळात डोक्यात दुसरं काही नसतं. टेबलाशी बसून इतकी वर्षं नोकरी केली, त्यात असं ‘झालं’ म्हणून कळण्यासारखं काही नव्हतं. फाइल पुढे जायची, बस्स.

---

वैद्यबुवा | शनिवार, रात्री १०:४४

थोडं वैद्यकीय.

बर्फातला_बाबू यांनी वर्णन केलंय तो प्रकार थट्टेचा नाही. हिवाळ्यात उजेड कमी झाला की ठरावीक लोकांना दरवर्षी उदासी, जास्त झोप, गोडाची हाव असा त्रास होतो. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी त्याची नीट मांडणी केली. उपचारात १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवतात. आपल्याकडे पुण्यात दिवस तितका लहान होत नाही, त्यामुळे घरात कंटाळलेल्या प्रत्येकाने स्वतःला हे निदान चिकटवू नये. पण एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. घरात ट्यूबलाइटखाली दोन-तीनशे लक्स असतात, आणि बाहेर आभाळ भरून आलेलं असलं तरी काही हजार. म्हणजे पाऊस थांबला की गच्चीवर जाऊन नुसतं उभं राहिलात तरी डोळ्यांना मिळणारा उजेड कित्येक पट. माळरानकाका, अर्धं दुखणं तिथे आहे.

आता दुसरं. दोन-तीन महिने बसून राहिलेला माणूस पहिल्याच उघडिपीला जोशात घण घालतो, तेव्हा हृदयावर एकदम ताण येतो. बर्फाच्या देशांत फावड्याने बर्फ उपसताना झटके येतात ते यामुळेच. साठीच्या पुढे असाल, रक्तदाब असेल, तर पहिल्या दिवशी थोडं करा, श्वास रोखून घाव घालू नका, छातीत किंवा डाव्या हातात दुखलं तर ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून बसू नका.

आणि बंब बंद न्हाणीघरात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेगडी आत घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या दर थंडीत येतात.

---

पेठेतला_आगाऊ | शनिवार, रात्री ११:०२

आमच्या वाड्यात बंब चौकात असायचा, तांबट आळीतला, आजोबांच्या लग्नातला. वरच्या नरसाळ्यात थंड ओतायचं की तोटीतून गरम बाहेर. ज्याने कढत घेतलं त्याने तेवढं गार घातलं नाही तर चौकात महायुद्ध. कसली कोंडी आणि कसलं काय, सहा बिऱ्हाडं आणि एक बंब, एकटं पडायला फुरसतच नव्हती.

होळीला मात्र त्याच बंबाचं सरपण आम्ही पळवायचो.

---

भौतिकराव | रविवार, सकाळी ७:१५

ओलं लाकूड का जाळू नये याचं साधं गणित.

पूर्ण कोरडं लाकूड किलोला साधारण साडेचार हजार किलोकॅलरी देतं. झाड कुठलंही असो, वजनाच्या हिशोबात फरक थोडा. बाभूळ ‘जास्त जळते’ कारण तेवढ्याच आकाराच्या ढलपीत लाकूड जास्त भरलेलं असतं. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सहाशेच्या आसपास किलोकॅलरी जातात. नुसत्या गणितात हे फार मोठं नुकसान दिसत नाही, पण खरी अडचण अशी की वाफ होईस्तोवर जाळ थंड राहतो, लाकडातून निघणारा वायू न जळताच बाहेर पडतो, आणि तोच चुलीपुढची यांच्या आजीच्या डोळ्यांत गेलेला धूर. पाणी २० टक्क्यांच्या खाली उतरलं की जाळ स्वच्छ होतो.

आता पुण्यात वाळवायचं कधी? लाकूड हवेशी तडजोड करत असतं. ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा छपराखाली कितीही ठेवलंत तरी ते १६ टक्क्यांच्या खाली जाणार नाही, आणि तिथवर जायलाही फार वेळ घेईल. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २५-३० वर येते, तेव्हा तेच लाकूड पाच-सहा टक्क्यांकडे ओढ घेतं. आमच्या आज्या वैशाखात माळा भरायच्या त्यामागे हेच होतं.

पण फोडायला हरकत नाही! पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून जातं, सालीतून फारसं नाही. अख्खा ओंडका तसाच ठेवला तर आतून सडतो. आखूड तुकडे करा, फोडा, जमिनीपासून विटांवर उचलून रचा, वरून पत्रा टाका आणि बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत गुंडाळू नका, वाफ आत कोंडते.

---

नियमावली | रविवार, सकाळी ९:३०

गुलमोहर पडल्याचं उद्यान विभागाला कळवलंय का? महाराष्ट्रात शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष ठरली. पडलेल्या झाडाला तोडायची परवानगी हा मुद्दा उरत नाही, पण पडलं याची नोंद हवी, नाहीतर उद्या कुणीतरी ‘यांनीच तोडलं’ म्हणून तक्रार करतो. पुण्यात असा कुणीतरी प्रत्येक सोसायटीत असतो. रस्त्यावर पडलेल्या झाडाचं लाकूड परस्पर उचलू नका. आवारातल्यासाठी सोसायटीचं पत्र घ्या. आणि आवारात शेकोट्या नकोत, उघड्यावर पाला-कचरा जाळायला बंदी आहे.

---

गाडीवाली | रविवार, सकाळी ११:४८

बहुधा मी याच सोसायटीत राहते. ते ओंडके माझ्या स्कूटरच्या जागेत आहेत. कुणीही, कशासाठीही फोडा, पण उचला.

---

माळरान | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:२०

वृत्तान्त.

चिटणीसांना लेखी अर्ज दिला. ते म्हणाले, ‘फोडून काय करणार?’ मी म्हणालो, ‘काही नाही.’ यावर त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

मधल्या दिवसांत गॅलरीत बसून कुऱ्हाडीला धार लावली. कानशीने आधी खाचा काढल्या, मग दगडावर तेल टाकून दोन्ही अंगं. पावसाने दांडा फुगलाय, त्यामुळे पातं आत्ता घट्ट वाटतं, पण डिसेंबरात लाकूड आक्रसलं की हेच हलायला लागेल. म्हणून डोक्यातली पाचर बदलून घेतली आणि दांड्याला जवसाचं तेल पाजलं. ज्यांनी दांडा पाण्यात बुडवून घट्ट करायची सवय लावून घेतलीय त्यांनी ती सोडा, काही वेळाने तो दुप्पट सैल होतो.

आज दुपारी तीन तास उघडीप मिळाली. गुलमोहर कसा आहे ते रानवाटा यांनी सांगितलंच होतं. पहिला घाव घातला आणि ‘टाक्’ नाही, ‘खट्’ही नाही, नुसतं ‘फस्स’. ओल्या पावात सुरी जावी तशी कुऱ्हाड आत. तंतू एकमेकांत अडकलेले, फाटत नाहीत, पिंजतात. तिसऱ्या ओंडक्यात आत भुंग्याची भोकं आणि पिवळा भुसा निघाला. झाड का पडलं तेही कळलं, बुंध्याचा गाभाच पोकळ होता. तरी फोडलं. सगळं नाही, डॉक्टरांचं ऐकलं. सोसायटीतली पोरं जमली, प्रत्येकाला घाव घालायचा होता, त्यांच्या आयांनी वरून ओरडून त्यांना मागे घेतलं. वॉचमन मूळचा बीडकडचा, त्याने कुऱ्हाड मागून घेतली आणि माझ्या निम्म्या कष्टात एक मोठा ओंडका चार फाकांत उघडला. पाय कसे ठेवायचे ते त्याच्याकडून बघून घ्या, दोन्ही समांतर, ओंडक्यापासून जरा लांब, म्हणजे घाव हुकला तर जमिनीत जातो, नडगीत नाही.

आज बायकोने स्वतःहून दुसऱ्यांदा चहा दिला.

---

रानवाटा | रविवार, संध्याकाळी ७:०१

ते ढलपे फेकू नका. सोसायटीच्या बागेत कुंपणाकडेला रचा, वर्षभरात भूछत्रं येतील, दुसऱ्या वर्षी खत. जाळण्यापेक्षा गुलमोहराचा हा उपयोग चांगला. आणि खड्डा मोकळा झालाय तिथे देशी काहीतरी लावा, बहावा किंवा करंज. पुन्हा गुलमोहर नको.

---

पेठेतला_आगाऊ | रविवार, संध्याकाळी ७:१०

म्हणजे एवढा खटाटोप करून एक काडी जाळायला मिळाली नाही. धन्य. वॉचमनचा व्हिडिओ टाका.

---

बर्फातला_बाबू | रविवार, रात्री ८:३५

मी जळतोय हो त्या चहावर. इथे कुणी देत नाही, म्हणतात तुझा छंद, तूच कर.

---

चुलीपुढची | सोमवार, सकाळी ६:५०

माळरान, एक मदत हवी. आईकडे अजून बंब आहे, गॅस स्वयंपाकाला आणि अंघोळीला बंबच, ऐकत नाही. सरपण आता भाऊ आणून टाकतो, पण तो गावात नसला की बारीक ढलपे तीच करते, आणि तिची जुनी कुऱ्हाड फार जड आहे. दांडाही तडकलाय, तारेने बांधलाय. तिला झेपेल अशी कुठे मिळेल?

---

माळरान | सोमवार, सकाळी ७:३०

तारेचा दांडा आजच्या आज काढून टाका, पातं उडालं तर कुठे जाईल सांगता येत नाही. बोहरी आळीत अवजारांची दुकानं आहेत, तिथे नुसतं पातं वेगळं मिळतं. किलोच्या आतबाहेरचं घ्या, ढलपे करायला तेवढं पुष्कळ झालं. दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभळीचा. निवडताना डोळ्यासमोर धरून शेंड्याकडून बघा, शीर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली हवी, मध्ये गाठ नको, आणि रंग लावलेला मुळीच घेऊ नका, रंगाखाली गाठ लपवतात. लांबी आईच्या हाताच्या मापाने, बगलेपासून बोटांच्या टोकापर्यंत. बसवायला जमत नसेल तर पातं आणि दांडा दोन्ही माझ्याकडे द्या, पाऊस आहे, मला कामच नाहीये.